ठाणे ते कल्याण, एका चेंडूत



या आठवड्यात खरं तर मी तुम्हांला धूमकेतूंच्या गोष्टी सांगणार होतो. मागच्या वेळी तसं कबूलही केलं होतं. पण डोंबिवलीहून एक पत्र आलं आणि धूमकेतू राहिले बाजूला. (रागावू नका. धूमकेतू गेले तरी परत येतात.)

पत्र नववीतल्या एका मुलीचं आहे. 'नाव छापू नका' असं तिनं ठळक अक्षरांत लिहिलंय, म्हणून छापत नाही. तिची एक जिवलग मैत्रीण उल्हासनगरला राहते. दोघी एकाच क्लासला जातात. ही मैत्रीण दर तीन आठवड्यांनी एक दिवस गैरहजर असते, कारण त्या दिवशी तिला रक्त चढवायचं असतं. तिला थॅलेसेमिया आहे. पुढचं पत्रातल्याच शब्दांत वाचा:

"तिच्या चुलतभावालाही तोच आजार आहे. डॉक्टरांनी दोघांची तपासणी केली तर जनुकातला बिघाडही अगदी तोच निघाला. पण तो क्रिकेट खेळतो, आणि त्याला वर्षातून एखाद वेळीच रक्त लागतं. बिघाड एकच, तर आजारही एकसारखाच नको का? मी एका काकांना विचारलं तर ते म्हणाले, नशीब एकेकाचं! मला नशीब हे उत्तर नकोय."

शाब्बास! मलाही ते उत्तर नकोय. मग मी आठवडाभर पुस्तकं उपसली, आणि उत्तर शोधता शोधता भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो. तिथं आहे एक गुंता, दोऱ्याचा. चला, आधी तोच बघू.

तुमच्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं, आणि त्यात डीएनएचा दोरा असतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. पण हा दोरा लांब किती, माहीत आहे? एका पेशीतले ४६ तुकडे, म्हणजे ४६ गुणसूत्रं, टोकाला टोक लावून सरळ ताणली तर सुमारे दोन मीटर भरतात. आणि केंद्रकाची रुंदी? सहा-सात मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आकडे असे नुसते ऐकून काही वाटत नाही. म्हणून आपण सगळंच दहा हजार पटींनी मोठं करू. केंद्रक होईल टेनिसच्या चेंडूएवढं. दोऱ्याची जाडी होईल मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे केसापेक्षाही बारीक. आणि लांबी? वीस किलोमीटर! लोकलच्या भाषेत सांगायचं तर ठाणे ते कल्याण. ठाण्याला दोऱ्याचं टोक धरा. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करत कल्याणच्या फलाटापर्यंत दोरा नेत राहा. मग तो सगळाच्या सगळा एका टेनिसच्या चेंडूत कोंबा. आणि कोंबायचा तोही असा, की हवा तो भाग हवा तेव्हा सापडला पाहिजे!

पतंगाच्या मांजाचा गुंता ज्यांनी सोडवलाय त्यांना हे काय प्रकरण आहे ते लगेच कळेल. फरक एवढाच, की पेशीत मांजाचा गुंता होत नाही. तिथं घडी होते. साडीच्या निऱ्या असतात ना, पाहणाऱ्याला नुसत्या चुण्या वाटतात, पण नेसणारीला माहीत असतं कुठली चुणी कुठे खोचायची. तशीच ही घडी. आणि आता गंमत ऐका. ही घडी नुसती जागा वाचवायला नसते. कुठलं जनुक चालू होणार आणि कुठलं गप्प बसणार, हेही पुष्कळदा घडीवर ठरतं.

कसं, ते रक्ताच्याच उदाहरणानं बघू या.

रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. त्यातली एक अल्फा. तिची जनुकं सोळाव्या गुणसूत्रावर असतात. दुसऱ्या साखळीसाठी अकराव्या गुणसूत्रावर पाच जनुकं एका रांगेत बसली आहेत: एप्सिलॉन, मग गामा नावाची दोन जुळी, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. पाचही एकदम काम करत नाहीत. बाळ पोटात अगदी लहान असतं तेव्हा एप्सिलॉनची पाळी. मग जन्मापर्यंत गामाची. जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत गामा निवृत्त होतं आणि बीटा कामावर रुजू होतं, ते आयुष्यभर. डेल्टाचं काम नावापुरतंच.

आता या पाचांना कामाला लावणारा खटका कुठे असेल? प्रत्येकाच्या शेजारी असेल असं तुम्ही म्हणाल. छे! मुख्य खटका आहे रांगेच्या पार एका टोकाला, आणि बीटा आहे दुसऱ्या टोकाला. दोघांत सुमारे ५० हजार अक्षरांचं अंतर. (अक्षरं म्हणजे डीएनएची ए, टी, जी आणि सी ही चार. एका पेशीतल्या दोऱ्यावर अशी सहाशे कोटींच्या वर अक्षरं असतात.) आपल्या ठाणे-कल्याण दोऱ्यावर हे अंतर सतरा सेंटिमीटर होईल. म्हणजे दिवा दिसतोय दारात आणि बटण आहे शेजारच्या खोलीत, असा प्रकार.

खटका इतक्या लांबून काम करतो हे कळायला एक विलक्षण घटना कारणीभूत झाली. नेदरलँड्समधल्या एका थॅलेसेमियाच्या रुग्णाचा डीएनए तपासताना १९८३ साली शास्त्रज्ञ चक्रावले. त्या रुग्णाच्या एका गुणसूत्रावरचं बीटा जनुक चांगलं धडधाकट होतं, एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. तरीही ते काम करत नव्हतं! दोऱ्याचा एक मोठा तुकडा मात्र गहाळ होता, आणि तो बीटाच्या अलीकडेच संपत होता. पुढे उलगडा झाला, की त्या हरवलेल्या तुकड्यातच तो मुख्य खटका होता. दिवा शाबूत, पण बटणच भिंतीतून उपटून नेलेलं.

मग प्रश्न आला, की शेजारच्या खोलीतलं बटण या दिव्याला लागतं कसं? मधून वायर गेली आहे का? नाही. उत्तर मिळालं २००२ साली, रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेत, उंदरांच्या पेशींवर. दोरा वळतो, मधला भाग लूपसारखा बाहेर निघतो, आणि खटका चक्क जनुकाला जाऊन टेकतो. वायर नाहीच, भिंतच वाकून दिव्यापाशी येते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तर याच्याही पुढची कमाल केली. मोठ्या माणसांच्या, लाल रक्तपेशी होऊ घातलेल्या पेशींत त्यांनी खटका मुद्दाम ओढून गामा जनुकाशी टेकवला. आणि वर्षानुवर्षं निवृत्त असलेलं गामा पुन्हा कामाला लागलं!

हे 'गामा पुन्हा कामाला लागलं' वाक्य जरा लक्षात ठेवा. चुलतभावाच्या कोड्याची किल्ली तिथंच आहे.

आता वाचणं थोडं थांबवा आणि उठा. दोन मीटर सुतळी, एक वॉशर (सुतळीचे दोन पदर त्याच्या भोकातून जातील पण गाठ अडेल असा) आणि तीन रंगांची स्केचपेनं घ्या. सुतळीला डावीकडून मोजत ५०, १५० आणि १८० सेंटिमीटरवर एकेक घट्ट गाठ मारा. (गाठीत सुतळी खर्ची पडते, म्हणून मोजमाप गाठी मारून झाल्यावर तपासा. माझं पहिल्यांदा चुकलंच.) मग ६० वर लाल ठिपका काढा, तो खटका. १४० वर निळा, ते त्याचं जनुक. १७० वर हिरवा, ते शेजारच्या घरचं जनुक, ज्याच्याशी या खटक्याला काही देणंघेणं नाही.

बरोबर मध्यावर, म्हणजे १०० वर सुतळी चिमटीत धरून दुमडा आणि वॉशरमधून ओढा. लूप तयार झाला ना? ओढत राहा, लूप मोठा होत जाईल. कुठवर? ५० ची आणि १५० ची गाठ वॉशरला अडेल तिथवर. आता बघा: लाल आणि निळा ठिपका अगदी समोरासमोर आलेत! हिरवा बिचारा बाहेर. सगळं जिथल्या तिथं.

पेशीतही जवळजवळ हेच चालतं. तिथला वॉशर म्हणजे कोहेसिन नावाचं कड्यासारखं प्रथिन. ते दोऱ्याला पकडतं आणि दोन्हीकडून ओढून लूप वाढवत नेतं. आणि गाठ म्हणजे दोऱ्यावरची ठरावीक अक्षरांची एक ओळ, जिच्यावर सीटीसीएफ नावाचं दुसरं प्रथिन येऊन बसतं. कोहेसिन तिथं आलं की थांबतं. पण एक बारकावा आहे, आणि तो सुतळीत दाखवता येत नाही. सीटीसीएफच्या ओळीला तोंड असतं. रेल्वेचा सिग्नल कसा एकाच दिशेनं येणाऱ्या गाडीसाठी असतो? डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिलात तर कल्याणकडे जाणाऱ्या गाडीच्या सिग्नलची तुम्हांला एका बाजूनं नुसती पाठ दिसेल. तसंच हे. ओळीचं तोंड आपल्याकडे असेल तरच कोहेसिन थांबतं. ती ओळ उलटी करून टाकली तर थांबायला पाहिजे तिथं ते सहसा थांबत नाही. शास्त्रज्ञांनी २०१५ च्या सुमाराला या ओळी मुद्दाम उलट्या करून हे पडताळूनही पाहिलं.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. सुतळी काढा, १५० ची गाठ सोडा आणि पुन्हा ओढा. डावीकडे ५० ची गाठ अडेल, पण उजवीकडची सुतळी सरकत राहील, थेट १८० पर्यंत. आणि बघा काय झालं! लाल खटक्यासमोर निळा नाही, हिरवा आलाय. एक गाठ सुटली, आणि खटका लागला शेजारच्या घरच्या दिव्याला.

ही कल्पनेची गोष्ट नाही. बर्लिनच्या श्टेफान मुंडलोस यांच्या गटानं २०१५ मध्ये अशी काही कुटुंबं अभ्यासली, ज्यांच्यातल्या माणसांची बोटं जन्मतःच आखूड, जुळलेली किंवा पाचाहून जास्त होती. त्यांच्यात ना निळं जनुक बिघडलेलं, ना हिरवं. दोऱ्याचा एक तुकडा कुणात गळाला होता, कुणात उलटा बसला होता, कुणात दोनदा आला होता. गाठीची जागा हलली, आणि हात-पाय घडवणारा खटका भलत्याच जनुकाला जाऊन भिडला.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा केंद्रकात कोण कुणाला भिडलंय हे कळतं कसं? त्यासाठी शास्त्रज्ञ चक्क आपला 'स्टॅच्यू'चा खेळ खेळतात. समजा, सकाळची डोंबिवली लोकल खच्चून भरली आहे. कुणीतरी ओरडलं "स्टॅच्यू!" सगळे जागच्या जागी थिजले. प्रत्येकानं आपल्या अगदी जवळच्या माणसाचा हात धरला. आता जोड्या-जोड्यांनी खाली उतरवा आणि वहीत लिहा: कोण कुणाबरोबर. एका गाडीवरून फारसं कळणार नाही. पण रोजच्या हजारो गाड्यांची अशी वही भरली, तर कोण नेहमी कुणाच्या शेजारी उभं असतं ते कळेल की नाही? पेशीत थिजवायचं काम फॉर्मॅलिनसारखं रसायन करतं. मग दोरा कापतात, हात धरलेली टोकं एकमेकांना चिकटवतात आणि ती अक्षरं वाचतात. संपूर्ण जीनोमची अशी वही पहिल्यांदा २००९ साली तयार झाली.

पण वहीत असतात फक्त जोड्या. गाडीचं चित्र नसतं. जोड्यांवरून चित्र काढायचं म्हणजे महाकठीण कोडं. आणि इथं येतो आपला कॉम्प्युटर.

त्यासाठी फार लांब जायला नको. कांजूरमार्गला उतरलं की पवईला आय. आय. टी. आहे. ठाणे-डोंबिवलीची कितीतरी मुलंमुली रोज तिकडे जातात. तिथले प्राध्यापक रंजित पडिन्हातीरी पेशीतला हा दोरा कसा वळतो, कसा दुमडतो याचं गणित मांडतात. त्यांच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटानं २०२० मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. किरण कुमारी ही त्याची पहिली लेखिका. त्यांनी कुठला तुकडा घेतला असेल? अल्फाचा! हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीची जनुकं जिथं आहेत तो पाच लाख अक्षरांचा भाग.

पद्धत ऐकण्यासारखी आहे. कॉम्प्युटरमध्ये पन्नास मण्यांची माळ घ्यायची. एक मणी म्हणजे दहा हजार अक्षरं. मणी एकमेकांना स्प्रिंगनं जोडलेले. पेशीत पाण्याचे रेणू सतत धक्के देत असतात, तसे धक्के या माळेलाही द्यायचे. माळ वळवळू लागते. मग मोजायचं, की सातवा मणी तेविसाव्याला किती वेळा भेटला, बारावा चाळिसाव्याला किती वेळा. हे आकडे खऱ्या पेशीच्या वहीशी ताडून बघायचे. जमत नसतील तर अमक्या दोन मण्यांमधली ओढ थोडी वाढवायची, तमक्या दोघांमधली कमी करायची. पुन्हा धक्के, पुन्हा मोजणी. शेवटी माळेचे आकडे आणि वहीचे आकडे जुळतात. तेव्हा म्हणायचं, की दोऱ्याची घडी साधारण अशी असणार. त्यांनी हे दोन प्रकारच्या पेशींसाठी केलं, एकीत अल्फा जनुक चालू आणि दुसरीत गप्प. तोच दोरा, तीच अक्षरं, पण घड्या वेगळ्या निघाल्या.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. या माळेत जीवशास्त्र जवळजवळ नाहीच! स्प्रिंग आहे, धक्के आहेत, मोजणी आहे. म्हणजे तुमच्या फिजिक्सच्या पुस्तकातलंच सगळं. 'मला बायॉलॉजी आवडत नाही, मी गणितवाला' असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. (आणि उलटंही.)

घडीचं चित्र मिळालं, की कॉम्प्युटरमध्ये एक मोठी सोय होते. खऱ्या माणसाचा दोरा कापून बघता येत नाही, आणि कापूही नये. पण मण्यांची माळ कापायला कुणाची परवानगी लागते? इटलीत नेपल्स शहरातल्या मारिओ निकोदेमी यांच्या गटानं २०१८ मध्ये हेच केलं. त्यांनी बर्लिनच्या त्या बोटांच्या गोष्टीतलाच तुकडा घेतला. निरोगी घडीवरून माळ तयार केली. मग माळेतून मणी काढले, उलटे बसवले, दोनदा ओवले, आणि कॉम्प्युटरला विचारलं, आता कोण कुणाला भेटेल? कॉम्प्युटरनं सांगितलं. ते उत्तर त्यांनी तसाच बदल असलेल्या उंदरांच्या पेशींशी आणि रुग्णांच्या त्वचेच्या पेशींशी ताडून पाहिलं. बरंचसं जुळलं!

हे झाले मोठमोठे बदल. पण तुमच्यात आणि तुमच्या बाकावरच्या मित्रात जे फरक असतात ते पुष्कळसे एकेका अक्षराचे असतात. कुठल्याही दोन माणसांत दर हजार अक्षरांमागे साधारण एक अक्षर वेगळं, म्हणजे लाखो फरक. त्यातले बहुतेक जनुकांच्या बाहेर पडतात, कारण जनुकांचा मजकूर सगळ्या दोऱ्याच्या शंभरातले दोन भागही नाही. या लाखोंतला कुठला फरक गाठ सैल करणारा आणि कुठला निरुपद्रवी? एकेक तपासत बसलं तर जन्म पुरायचा नाही.

म्हणून आता कॉम्प्युटरला वाचायलाच शिकवलं आहे. अमेरिकेत २०२० मध्ये 'अकिता' नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. त्याला दहा लाखांहून थोडी जास्त अक्षरं एकदम द्यायची. ती वाचून तो जोड्यांच्या वहीचा अंदाज सांगतो. कुणी नियम घालून दिले नाहीत, खऱ्या वह्या पाहून पाहून तो शिकला. मग आपण एक अक्षर बदलायचं आणि पुन्हा विचारायचं. वही बदलली का? किती? (अकिता ही जपानी कुत्र्याची जात आहे. याच्या आधीच्या दोन प्रोग्रॅमांची नावं बॅसेट आणि बॅसेनजी. तीही कुत्र्यांचीच! कुणाला काय आवडेल सांगता येत नाही.) हाच प्रोग्रॅम वापरून सुमारे अडीच हजार माणसांच्या घड्यांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अक्षरं बरीच वेगळी असली तरी घड्या बहुतेक ठिकाणी सारख्याच राहतात, असं तीत दिसलं. म्हणजे निसर्ग घडीला जपतो. जिथं ती बदलते तिथं लक्ष द्यायला हवं.

इथं माझी एक कुरकुर आहे. त्या अडीच हजारांत गुजराती आहेत, तेलुगू आहेत, पंजाबी, बंगाली, श्रीलंकेचे तमिळसुद्धा आहेत. पण मराठी किंवा सिंधी माणसांचा वेगळा गट त्या संग्रहात नाही. आपल्या देशातल्या ८३ समाजगटांतल्या दहा हजार माणसांचा डीएनए वाचणारा 'जीनोम इंडिया' प्रकल्प मात्र पार पडला आणि त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. आता घड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी तिकडे वळायला हवं. तुमच्यापैकी कुणी वळलं तर मला कळवा!

बरं, आता आपल्या डोंबिवलीच्या मैत्रिणीचा प्रश्न. बिघाड एकच, मग आजार दोन तऱ्हांचा का?

थॅलेसेमियात बहुतेक वेळा बीटा जनुकातच बिघाड असतो. सिंधी समाजात त्यातलाच ६१९ अक्षरं गळालेला एक प्रकार बराच आढळतो. भारतात सगळीकडे मिळून सर्वांत जास्त आढळतो तो मात्र एकाच अक्षराच्या बदलाचा. बीटा बनत नाही किंवा फार कमी बनतं. जन्मानंतर गामा निवृत्त झालं, की रक्त अपुरं पडू लागतं. म्हणून बाळ पहिले काही महिने ठीक असतं आणि मग फिकट पडत जातं.

पण समजा, एखाद्याच्या शरीरात गामा पूर्ण निवृत्तच झालं नाही तर? खटका बीटाकडे वळण्याऐवजी थोडाफार गामाकडेच टेकत राहिला तर? तर त्याचं काम बरंचसं भागेल. आणि अशी माणसं खरोखर असतात! कुणात गामाच्या अलीकडे १५८ अक्षरांवर 'सी'च्या जागी 'टी' असतं. कुणात डेल्टा-बीटाचा मोठा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे खटक्यापुढे गामाच उरतं. गामाला घरी बसवणारं बीसीएल११ए नावाचं एक प्रथिन आहे. त्याचं जनुक पार दुसऱ्या गुणसूत्रावर, आणि त्याच्या खटक्यातली अक्षरंही माणसागणिक थोडी वेगळी असतात. हे सगळे फरक मुख्य बिघाडापेक्षा वेगळे, स्वतंत्रपणे आईवडिलांकडून येतात. तेव्हा त्या दोन भावंडांत बिघाड एकच असला तरी भोवतालची अक्षरं एक नसणार. चुलतभावाकडे यातलं नेमकं काय आहे, ते मी इथं बसून सांगू शकत नाही. त्याचे डॉक्टर तपासून सांगू शकतील. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, तिथं रक्ताच्या अशा आजारांवर संशोधन चालतं.

आणि मैत्रिणीला काय सांगायचं? खरं सांगायचं. दर तीन आठवड्यांचं रक्त आणि साठलेलं लोह शरीराबाहेर काढणारं औषध हे चुकवायचं नाही. (लोह काढणारी डेफेरिप्रोन नावाची गोळी जगात सर्वांत आधी वापरात आली ती भारतात, बरं का!) जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेचं रोपण करून आजार बराही होतो, आणि ते आपल्याकडेही करतात. त्याखेरीज २०२३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये एका नव्या उपचाराला परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या मज्जापेशी काढून बीसीएल११एचा खटका कापतात. मग गामा पुन्हा कामाला लागतं! अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. हा आकडा मी दोनदा तपासला. आज तो उपचार आपल्यातल्या कुणाच्या आवाक्यातला नाही, हे लपवून उपयोग नाही. पण तिच्या रक्ताचं कोडं सुटत आलंय, हेही तितकंच खरं आहे.

एक गोष्ट तिच्या वर्गातल्या सगळ्यांसाठी. थॅलेसेमिया फक्त सिंध्यांचा आजार नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांचं उल्हासनगर झालं, आणि त्या समाजात हा बिघाड जास्त आहे, म्हणून आपल्याला तिथं तो जास्त दिसतो, इतकंच. देशात दर शंभर माणसांत तीन-चार जण बिघडलेल्या बीटाची एक प्रत घेऊन खुशाल हिंडत असतात. त्यांना काही होत नाही, पत्ताही नसतो. पण अशी दोन माणसं आईबाबा झाली, तर प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता आजाराची. हे एका साध्या रक्ततपासणीत कळतं, तिचं नाव 'हिमोग्लोबिन ए-टू'. घरात ताई-दादाच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर पत्रिकेच्या आधी हा कागद बघायला सांगा. ओरडा बसला तर माझं नाव सांगा.

सुतळी अजून टाकली नाहीत ना? मग एक कोडं. १५० ची गाठ पुन्हा मारा आणि या वेळी डावीकडची, ५० ची गाठ सोडा. आता लूप पुरता ओढलात तर लाल खटक्यासमोर कोण येईल? आणि निळ्या जनुकाचं काय होईल? आधी डोकं चालवा, मग सुतळी ओढा. उत्तर पुढच्या अंकात, धूमकेतूंच्या आधी.